तीन इंच आत

पहारी एकदम खाली बसल्या, रूळ करकरला आणि तीन इंच आत सरकला. घण पडले, खिळे बसले आणि टोळी पुढच्या रुळाकडे पळाली. होय, पळालीच. जॉर्जियाची लाल माती घामाने अंगभर चिकटली होती, पण पुसायला सवड होती कुणाला? एनॉकने दम न घेता पुढची हाळी दिली.

दिवसच तसा होता. उत्तरेतले रूळ अरुंद, दक्षिणेतले रुंद. इकडची गाडी तिकडे जायची नाही की तिकडची इकडे यायची नाही. उत्तर-दक्षिणेतली लढाई संपून वीस वर्षं झाली तरी रुळांचा अबोला काही सुटला नव्हता. शेवटी रेल्वेवाल्यांनी ठरवलं, सगळ्या दक्षिणेतला एका बाजूचा रूळ एका दमात आत घ्यायचा. उजाडल्यापासून गावोगावच्या टोळ्या नुसत्या तुटून पडल्या होत्या.

एनॉकच्या टोळीसमोर उत्तरेकडून टेनेसीची टोळी रूळ सरकवत येत होती. मधे एक पांढरा खांब होता. जी टोळी आधी खांब गाठेल तिच्या प्रत्येक गड्याला वर्षभर कुठल्याही गाडीचा फुकट पास मिळणार होता. बाकीच्यांना कुठे जायचं होतं देव जाणे. एनॉकला मात्र जायचं होतं. गुलामीच्या दिवसांत मालकाने त्याला टेनेसीतून इकडे विकलं, तेव्हा त्याची बायको केझिया तिथेच राहिली. सुटका झाली तसा तो पायी परत गेला. बघतो तर मळा जळालेला, माणसं पांगलेली. कुणी म्हणे ती केंटकीत आहे, कुणी म्हणे ओहायोत. पायी शोधून शोधून माणूस शोधणार किती? आता तर गुडघेही बोलायला लागले होते. पण हातात पास असला तर प्रत्येक स्टेशनावर उतरता येईल, प्रत्येक चर्चच्या दारात तिचं नाव घेऊन विचारता येईल. सगळ्या टोळीला हे ठाऊक होतं. गोरा मुकादम प्रुइट उगाच टोपी हलवत होता. गड्यांना पळवत होती ती केझिया.

बारा जणांनी एकाच क्षणी जोर लावला तर रूळ हलतो, नाहीतर ढिम्म. तो क्षण हाळी देणारा गाण्यातून देतो. तो थांबला की टोळी थांबली. म्हणूनच हाळीवाल्याची कडवी ज्याची त्याची असतात, दुसऱ्याचं कडवं उचलणं म्हणजे शुद्ध चोरी.

"म्हाताऱ्या, आवाज बसला तर बायको गेली म्हणून समज," ज्युबल पहार टेकवता टेकवता टोचत होता. एनॉक हसायचा आणि आणखी वरच्या पट्टीत गायचा.

खांब दिसला. पलीकडची टोळीही दिसली. एनॉकची माणसं दोन रुळांनी पुढे होती, दोन रुळांनी! पलीकडचा हाळीवाला पंचविशीतला, उंचनिंच गडी, आणि आवाज काय खणखणीत. हरायला आलेला माणूस ठेवणीतलं काढतो, तसं त्यानेही काढलं:

"केझियाच्या नाकाला लागलंय पीठ,
सांगू नका तिला, दिसतंय नीट."

एनॉकची हाळी तोंडातल्या तोंडात राहिली.

बारा जण पहारी टेकवून ताटकळले. अरे गा की, म्हणून ज्युबल खेकसला. मुकादमाने नाही नाही ते ऐकवलं. तेवढ्यात पलीकडचा एक रूळ सरकला, मग दुसरा, तिसरा, आणि टेनेसीवाल्यांच्या टोप्या आभाळात उडाल्या. एनॉकला त्याचं काही नव्हतं. तो खांब ओलांडून थेट त्या जवान हाळीवाल्यासमोर जाऊन उभा राहिला.

हे कडवं त्याने रुळावर कधीच म्हटलं नव्हतं. एका रविवारी चुलीपाशी बायकोला चिडवायला रचलेलं, ऐकणारी ती एकटी.

"हे कडवं कुणाचं?" त्याने विचारलं. आवाज आता खरोखरच बसला होता.

जवानाचं हसू मावळलं. चोरीचा आळ कोण ऐकून घेईल?

"उचललेलं नाही, काका. माझ्या बापाचं आहे. मी आईच्या पोटात होतो तेव्हा विकला त्याला. घरात त्याचं एवढंच उरलंय."

पोटात. एनॉकला पोटातलं काही ठाऊकच नव्हतं. गेली इतकी वर्षं तो एका माणसाला शोधत होता, आणि माणसं होती दोन. सांगायचं तरी कसं, आणि सांगून पटणार कुणाला? मग त्याला आठवलं, त्या रविवारी केझियाने पळी उगारून तिथल्या तिथे उलट कडवं हाणलं होतं. ते त्याने कसंबसं म्हटलं:

"एनॉकच्या जिभेला नाहीच हाड,
भाकर हवी तर लाकडं फाड."

शेवटची ओळ जवानानेही बरोबरच म्हटली. मागे त्याची टोळी नाचत होती, त्यांचा मुकादम पासांचं काहीतरी ओरडत होता. टोळीच्या पाठोपाठ, नुकत्याच सरकवलेल्या रुळांवरून ढकलत आणलेली स्वयंपाकाची गाडी उभी होती आणि तिच्यावर कुणीतरी पाठमोरं, धुरात वाकून, मक्याच्या भाकऱ्या उलटत होतं. जवानाने तिकडे तोंड केलं आणि रूळ हलवणाऱ्या आवाजात हाक मारली:

"आई, तवा उतरव आणि इकडे ये. बाबा आलेत."