रेस दिली की रडते

दापोड्याच्या रस्त्यावर कंटेनरला ओव्हरटेक करायला रेस दिली की माझी गाडी ‘कुंऽऽऽ’ करून रडायची. आवाज थेट स्टिअरिंगपाशी, उजव्या बाजूने. आमचं घर पॉवरलूमला लागून. कुठल्या लूमचं काय बिघडलंय ते मी अंथरुणात पडूनच सांगतो, त्यामुळे माझ्या कानांवर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. मी सांगितलं म्हणून मेकॅनिकने आधी बेल्ट बदलला, मग बेअरिंग बदललं. कुंऽऽऽ चालूच. तो एकटा चक्कर मारून आला की मात्र म्हणायचा, “मेरे साथ तो एकदम चूप है, सेठ.”

शेवटी परवा मी बायकोला, उन्नतीला, चालवायला बसवलं आणि स्वतः बाजूच्या सीटवर कान टवकारून बसलो. पुढे भलामोठा कंटेनर आला. तिने रेस दिली. कंटेनर मागे पडला.

“ऐकलंस? आला ना आवाज?” मी घाम पुसत विचारलं.



“आला ना. पण आज डावीकडनं आला,” ती म्हणाली. “आता पुढच्या कंटेनरला जरा तोंड मिटून ऐका.”