मामा मागे उभा

भंडाऱ्याच्या सरकारी कार्यालयात माझ्या खुर्चीमागे मामा उभा होता. लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही तो असाच मागे उभा होता, आणि हळद उतरायच्या आत कळलं, त्यानंच मला राजस्थानात विकलं होतं. सोडवून आणलेल्या मुलींची माहिती मॅडम संगणकात भरत होत्या. "कोणी विकलं तुले, बेटा? वर कळवा लागते." मामाचा हात खांद्यावर आला. "घाबरली हाये पोरगी," मामा म्हणाला. रकाना रिकामा सोडता येत नव्हता. मॅडमनी 'अज्ञात' लिहिलं. पुढचा रकाना होता, मुलगी कोणाच्या ताब्यात दिली? मला मायबाप नव्हतेच. मॅडमनी मामाची सही घेतली. "चाल वं," मामा कानाशी म्हणाला, "अंजू वाट पाहून राहिली. तिचीबी सोयरीक जुळवली तिकडेच." अंजू माझी धाकटी बहीण. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. उठलेच नाही.