निळे गमबूट

पडद्यावर पुन्हा तेच निळे गमबूट आले. सुनेत्राने पुढचा फोटो उघडला.

अंटार्क्टिकात कॅमेरा समुद्रतळाशी सोडण्याआधी तिचा नवरा अच्युत डेकवर चाचणीचा फोटो काढायचा; त्यात हटकून त्याचे गमबूट यायचे. घरी बसून फोटोंतले प्राणी मोजणं हे तिचं काम. मोजण्याआधी तो पहिला फोटो उडवायचा, हा दोघांचा नियम.

पाच मीटर खोलीवर हिमनगांनी खरवडलेला उघडा खडक होता. तीस मीटरवर चार-दोन तारामासे दिसले. शंभरावर स्पंज दाटीवाटीने उभे होते. "जिथे बर्फ पोचत नाही ना, तिथेच संसार टिकतात," तो फोनवर म्हणाला होता. "दोनशे मीटरवर तर जत्रा असेल बघ!"

दोनशे मीटरच्या पहिल्या फोटोत पिवळे गमबूट होते. आदल्या संध्याकाळी जहाजावरच अच्युतचं हृदय बंद पडलं होतं. कॅमेरा दुसऱ्या कुणी सोडला होता.

पुढच्या फोटोत इतके प्राणी होते की तळ दिसेना. "अरे, बघ ना," ती बोलून गेली.

मग नियमाप्रमाणे तिने पिवळे बूट उडवले. निळे सगळे ठेवले.