अवकाशात जाऊन आलेला टोमॅटो

"पाणी दोन्ही कुंड्यांना सारखंच! किती वेळा घसा फोडू?" विज्ञानाचे सर ओरडले. पहिल्या बाकावरच्या पोराने 'अवकाश' अशी चिठ्ठी लावलेल्या कुंडीत उपडी केलेली बाटली झटकन पाठीमागे लपवली.

देशाच्या यानातून टोमॅटोच्या बिया सहा महिने पृथ्वीभोवती फिरून आल्या होत्या. मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून अवकाश केंद्राने त्या शाळाशाळांत वाटल्या. सोबत जमिनीवरच राहिलेल्या बियांची एक पुडी. दोन्ही पेरा, रोज मोजा, चाळीस दिवसांनी अहवाल पाठवा. ज्या शाळेचा अहवाल उत्तम, तिला पुढचं उड्डाण समोरून बघायला मिळणार होतं.

सरांची निवृत्ती तोंडावर आली होती. तीस वर्षं पोरांकडून व्याख्या घोकून घेतल्या; आता निदान एक तरी डोकं आपणहून विचार करताना बघावं आणि मग घरी जावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण वर्ग असा, की कुणी अवकाशाच्या रोपाला गाणी म्हणून दाखवी. एकीने तर त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. "वर थंडी असते ना, सर!"

त्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, येता-जाता टोचत. "सर, आपलं अवकाशाचं रोप जरा ठसठशीत दिसू द्या हं."

"बाई, हा प्रयोग आहे, लग्नातला फोटो नाही!" सर फणकारले. पेल्यात उरलेलं पाणी समोरच्या अवकाशाच्या कुंडीत ओतून ते तरातरा निघून गेले.

सगळ्यांत डोकं उठवलं ते शेवटच्या बाकावरच्या घुमीने. नाव वर्गानेच ठेवलेलं, कारण ती तोंड म्हणून उघडत नसे. सर पट्टी घेऊन बसले, की वही छातीशी धरून शेजारी उभी.

"रोपाकडे बघ गं! माझ्याकडे काय बघतेस?"

"बघतेय, सर."

"वही दाखव." सरांनी पहिली चार पानं उलटली. कोरी. "अगं, महिनाभर केलंस काय?"

"मोजत होते."

"मग मांडलंस का नाहीस?"

"अजून संपलं नाही ना, सर."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

चाळिसाव्या दिवशी अवकाशाचं रोप पृथ्वीच्या रोपापेक्षा चांगलं दोन बोटं उंच भरलं. वर्गाने टाळ्या पिटल्या. 'अवकाशप्रवासाने बियांची वाढ जोमदार होते,' असा अहवाल सरांनी लिहिला, मोठ्या बाईंनी शिक्का मारला आणि तो त्याच दुपारी रवाना झाला.

मग सरांनी वह्या तपासायला घेतल्या. घुमीला शून्य द्यायचं हे ठरलेलंच होतं. तिची वही त्यांनी वैतागून बाजूला भिरकावली, तशी ती उलटी उघडली. मागची पानं गच्च भरलेली होती.

'दिवस चाळिसावा : अवकाशाचं वरचं पान ओढून मोजलं. पृथ्वीचं तसंच लोंबतं ठेवून.'

सर पहिल्या नोंदीच्या दिशेने पानं उलटत निघाले.

'दिवस बाविसावा : मोठ्या बाईंशी भांडताना अवकाशाला अर्धा पेला पाणी जादा. सरांच्या लक्षात नाही.'

शेवटी मागच्या कव्हराला लागून असलेलं पान आलं.

'प्रयोगाचा विषय : आमचे सर. दिवस पहिला : मधल्या सुट्टीत दोन्ही कुंड्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.'