तिसऱ्या तारेवरचं बोट

तळघरात कोडीने डॅरिलची गिटार मांडीवर घेतली आणि टिकटिक ताल देणारा मेट्रोनोम अगदी संथ लावला. तारा छेडायची चकती, ती पिक, एकाच ओढीत पाच तारांवरून खाली न्यायची, मग तशीच परत वर. खरी कसरत डाव्या हाताची. सूर वाजला की बोट लगेच ढिलं करायचं, नाहीतर तो पुढच्या सुरात मिसळतो आणि सगळं गढूळ होतं.

हे त्याला थोरल्या भावाने, डॅरिलनेच शिकवलं होतं, स्वतःच्या चुकीसकट. वर येताना तिसऱ्या तारेवर डॅरिलचं बोट रेंगाळायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. डॅरिल मागच्या हिवाळ्यात हायवेवर बर्फात गाडी घसरून गेला, पण त्याची खोड काही गेली नाही. धाकट्याच्या बोटात ठाण मांडून बसली.

बँडवाल्या रेजीने कालच, बँडमध्ये घ्यायच्या चाचणीत, तोंडावर सांगितलं होतं, "अरे, हा तर डॅरिल वाजवतोय! शनिवारी परत ये, शेवटची संधी. पण एकटा ये. त्याला आणू नकोस."

कोडीला राग आला होता, कारण ते खरं होतं.

वर स्वयंपाकघरात आई पेरोगीसाठी, त्या सारण भरून उकडायच्या करंज्यांसाठी, पीठ लाटत होती. लाटण्याचा आवाज छतातून खाली येत होता. कोडी तेच घोटत राहिला, खाली, वर, खाली, वर. आणि एकदा बोट वेळेवर सुटलं. पुन्हा सुटलं. त्याने वेग वाढवला, तरी सगळे सूर सुटे, स्वच्छ! तो एकटाच हसला.

वरचं लाटणं थांबलं.

आई जिन्यात आली, हात पिठाने भरलेले. "का रे, थांबलास?"

"नाही गं, वाजवतोय की. आत्ता कुठे जमतंय!"

"ते मधेच अडखळायचं ना, ते ऐकू येईना." ती पायरीवर टेकली. "रोज वाटायचं, दोघं आहात खाली. आत्ता वाटलं, तो उठून गेला."

कोडीने गिटार पुन्हा मांडीवर नीट घेतली. शनिवार गेला खड्ड्यात. एकदा तिच्यासाठी डॅरिलसारखं वाजवू, असं ठरवून त्याने पिक फिरवली. तिसऱ्या तारेवर बोट दाबून धरायला गेला, तर ते आपोआप सुटलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा सुटलं.

आई पिठाचे हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"घाई नको करूस," ती म्हणाली. "येईल तो."