मिटलेला डोळा

डॉक्टर मृणालिनी वझे नागपुरात पडद्यासमोर बसून गडचिरोलीतल्या एका बाळाचं हृदय यंत्रहातांनी शिवत होत्या. जुन्या त्रिमिती पडद्यावर एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपायचं आणि प्रत्येक रक्तवाहिनीशेजारी तिची फिकट सावली दिसायची. म्हणून टाका घालण्याआधी एक डोळा मिटून खरी वाहिनी ओळखायची त्यांना सवय होती. आजचा पडदा तंत्रज्ञ इक्बाल अत्तारांनी बनवलेला होता.

वझेंनी डोळा मिटला, उघडला. वाहिनी एकच होती.

“अत्तार, सावली कुठे गेली?”

“दोन्ही डोळ्यांचा प्रकाश ध्रुवीकरणानं वेगळा केलाय, मॅडम. आता एकाचा दुसऱ्यात जात नाही.”

“सुरेख,” एवढंच म्हणून त्यांनी टाका घातला. शेवटच्या टाक्यापर्यंत त्यांनी पुन्हा डोळा मिटला नाही. मागे उभ्या अत्तारांनी मात्र तेवढा वेळ दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले होते.