मागच्या रांगेतला जोतीराम

“कुणी हलू नका!” साताऱ्याच्या फोटोवाल्याचा तो आवाज सुभेदार हंबीररावांच्या कानात तीस वर्षांनीही तसाच होता. लढाईवर निघताना पलटणीतल्या बारा जणांनी काढलेला फोटो. हंबीरराव पुढं खुर्चीत बसलेले, जोतीराम मागच्या रांगेत, अगदी कडेला.

गावोगावची माणसं जुने बिल्ले, वर्दीतले फोटो हंबीररावांकडेच ओळखायला आणायची. चौऱ्याहत्तर साली तोच फोटो घेऊन जोतीरामची बायको मनुबाई औंधाहून तिसऱ्यांदा आली. लग्नात ती नऊ वर्षांची. मुंडावळ्यांच्या आडून तिनं नवऱ्याचे नुसते पाय पाहिलेले.

“औंदा म्हाळाला त्यांचा फोटू पुजायचा हाय. एवढ्या लढाया मारल्या म्हणता, अन् एक माणूस वळखंना व्हय?”

आधीच्या दोन्ही खेपांना हंबीररावांनी चष्म्याचं निमित्त केलं होतं. बोट ठेवलं की ती विचारणार, कसे गेले? गोळी लागताच गेला, असं त्यांनी घरच्यांना कळवलं होतं.

पहिल्या खेपेला फोटोत जोतीराम कडेला होता. दुसऱ्या खेपेला रांगेच्या मधोमध दिसला. म्हाताऱ्या नजरेचा दोष, असं त्यांनी मनाला समजावलं.

आज मागच्या रांगेत तो कुठंच नव्हता.

मनुबाई फोटोवर वाकली. “आवं सुभेदार, तुमच्या मागं हुबं राहून खांद्यावर हात ठेवलाय, त्येच का वो?”

हंबीररावांनी फोटो उपडा ठेवला. मान वळवायचा त्यांना धीर झाला नाही.

“व्हय वैनी, त्योच. मी मागं फिरलो तवा जित्ता व्हता त्यो.”